आवडतं हॉटेल वेगळं, चालवायचं हॉटेल वेगळं!



गेल्या महिन्यात वर्कशॉप संपल्यावर एक मुलगा थांबला. वय असेल पंचवीस-सव्वीस. म्हणाला, "सर, नोकरी सोडतोय. रात्री तीनपर्यंत उघडं राहणारं छोटंसं हॉटेल काढायचंय. कॉलेजमध्ये असताना आम्ही ज्या टपरीवर रात्र रात्र बसायचो ना, तसं. तो फील परत आणायचाय."

मी त्याला विचारलं, "त्या टपरीच्या मालकाचं वय काय होतं?" त्याला आठवेना. "तो घरी किती वाजता जायचा?" माहीत नाही. "दूधवाल्याला पैसे रोख द्यायचा की महिन्याने?" तो गप्प.

त्याला उत्तर देता आलं नाही यात त्याची काही चूक नाही. कारण पंधरा वर्षांपूर्वी मी अगदी त्याच्याच जागी होतो. फक्त माझी टपरी न्यू यॉर्कमध्ये होती. आज त्या जागेबद्दल लिहितो. आठवण म्हणून तर लिहितोच, पण त्या आठवणीने मला खड्ड्यात कसं घातलं, तेही लिहितो.

रात्री एक वाजता उघडं असलेलं दार

२००७ ते २००९ मी न्यू यॉर्कमध्ये एका क्लायंटच्या ऑफिसात सपोर्टचं काम करत होतो. राहायला नदीपलीकडे जर्सी सिटीत. दुपारी जायचं आणि रात्रीच्या बॅच रन नीट सुरू झाल्या की साडेबारा-एकला सुटायचं. रूमवर जाऊन काय, तर फ्रीजमधला कालचा भात.

सेव्हन्थ अव्हेन्यूवर, ५५व्या रस्त्याजवळ एक हॉटेल होतं, कार्नेगी डेली. 'डेली' म्हणजे डेलीकॅटेसन. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू लोकांनी न्यू यॉर्कमध्ये रुजवलेला खाण्याचा प्रकार: खारवलेलं आणि धुरावलेलं मांस, राय ब्रेड, लोणच्याच्या काकड्या, सूप. मुंबईत इराण्याचं हॉटेल म्हटलं की जसं संगमरवरी टेबल, ब्रून मस्का आणि काउंटरवरचा तिरसट मालक डोळ्यांसमोर येतो, तसं न्यू यॉर्कवाल्याला डेली म्हटलं की होतं. दोन्हीकडे बाहेरून आलेल्या माणसांनी शहराला खायला घातलं आणि शहराने त्यांना आपलं म्हटलं.

कार्नेगी डेली सुरू झालं १९३७ मध्ये. दोन गल्ल्यांवर कार्नेगी हॉल, खाली ब्रॉडवेची नाटकं. मैफल संपली, नाटक सुटलं, कॉमेडियनचा शो आटपला की सगळे भुकेले लोक रस्त्यावर. त्यांच्यासाठी हे हॉटेल सकाळी साडेसहाला उघडायचं आणि रात्री चारला बंद व्हायचं. म्हणजे बंद राहायचं ते फक्त अडीच तास!

आता गंमत ऐका. त्यांची सगळ्यात प्रसिद्ध डिश पास्त्रामीचं सँडविच. एका सँडविचमध्ये अर्ध्या किलोच्या आसपास मांस. ते बीफ असतं आणि मी ते खात नाही. म्हणजे ज्या हॉटेलवर मी जीव टाकला, त्याची मेन डिश मी एकदाही चाखली नाही. मी घ्यायचो मात्झो बॉल सूप. चिकनचं पातळ, गरम सूप आणि त्यात बिनखमिराच्या भाकरीच्या चुऱ्याचा मोठा मऊ गोळा. सोबत टेबलावर ठेवलेल्या काकड्या. पगार झाला असेल त्या आठवड्यात चीजकेकचा एक तुकडा. तो एक तुकडा दोन माणसांना पुरायचा.

मग मी जायचो कशासाठी? जानेवारीत रात्री एक वाजता बाहेर बर्फ असायचा आणि आत दिवे, आवाज, माणसं असायची. टेबलं एकमेकांना चिकटून. शेजारी अनोळखी माणूस हमखास. एकदा डावीकडे व्हायोलिनची पेटी घेतलेली बाई आणि उजवीकडे टॅक्सी ड्रायव्हर. भिंतीवर सह्या केलेले नटनट्यांचे फोटो. वेटर वयस्कर आणि तोंडाने फटकळ. सूपच मागवलं की एक जण दर वेळी मान हलवायचा आणि म्हणायचा, "एवढंच? तब्येत बरी आहे ना?" तिसऱ्या-चौथ्या वेळी त्याने न विचारताच सूप आणून ठेवलं. त्या शहरात मला काय लागतं हे माहीत असलेला तो पहिला माणूस.

घरापासून लांब राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

टेबलावर बसून जे दिसत नव्हतं

आता मी ट्रेनर म्हणून मागे वळून बघतो तेव्हा त्याच हॉटेलात वेगळ्याच गोष्टी दिसतात.

एक, दोन मालक आणि दोन कामं. १९७६ मध्ये लिओ स्टाइनर आणि मिल्टन पार्कर यांनी आणखी एका भागीदारासोबत हे हॉटेल विकत घेतलं. स्टाइनर पुढे असायचे. गप्पा, विनोद, गिऱ्हाइकांची थट्टा, फोटो. पार्कर मागे असायचे. खरेदी, माणसं, हिशेब. आपल्याकडे भागीदारीत काय होतं? दोघांनाही गल्ल्यावर बसायचं असतं आणि कांदे मोजायला कोणीच नसतं. भागीदार निवडताना मैत्री बघाच, पण तो तुमच्यापेक्षा वेगळं काम करणारा आहे का, हे आधी बघा.

दोन, एक गोष्ट स्वतःच्या हातात. मांस खारवणं, धुरावणं आणि चीजकेक भाजणं हे काम ते नदीपलीकडे न्यू जर्सीत स्वतःच्या जागेत करायचे. बाकी सगळं बाजारात मिळतं, पण ज्या चवीसाठी लोक येतात ती दुसऱ्याच्या हातात दिली नाही. १९७९ मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या मिमी शेरेटन यांनी शहरभरच्या पास्त्रामी चाखून यांची पास्त्रामी सगळ्यात चांगल्यांत गणली आणि दारात रांगा लागल्या. पण नीट बघा. बातमीने गर्दी आणली, ती टिकली ती रोज तीच चव मिळाली म्हणून.

तीन, अवाढव्य प्लेट हीच जाहिरात. ते सँडविच एका माणसाला संपणं कठीण. लोक फोटो काढायचे, उरलेलं बांधून न्यायचे, घरी जाऊन सांगायचे. पण एक प्लेट दोघांत खाल्ली तर तीन डॉलर जास्तीचे लागायचे. लोक कुरकुरायचे. मला वाटतं, बरोबरच होतं. दोन खुर्च्या अडल्या तर दोन खुर्च्यांचे पैसे आले पाहिजेत. रात्रीच्या गर्दीत हॉटेलवाला जेवणाबरोबर खुर्चीही विकत असतो.

चार, जागा. याच रस्त्यावर थोडं पुढे स्टेज डेली नावाचं दुसरं हॉटेल होतं. तेही १९३७चंच. अनेक वर्षं दोघांची चुरस. २०१२ मध्ये स्टेज डेली बंद झालं. कारण काय? वाढलेलं भाडं आणि उतरलेला धंदा. कार्नेगी डेलीची इमारत मालकांच्या स्वतःच्या मालकीची होती, म्हणून ते त्यानंतरही उभं राहिलं. एकच रस्ता, एकच पदार्थ, एकाच वर्षाचा जन्म. भाड्याची पावती तेवढी वेगळी.

यातलं काहीही मला तेव्हा दिसलं नव्हतं. मला सूप दिसत होतं.

मग मी काय केलं? हॉटेल काढलं!

२०१० मध्ये भारतात परत आलो, दोन वर्षं नोकरी केली आणि ठाण्यात ऑफिसांच्या इमारतींमागे एक गाळा भाड्याने घेतला. डोक्यात एकच चित्र: रात्रपाळी सुटलेली मुलं, गरम सूप, भुर्जी-पाव, खिचडी, ओळखीचे चेहरे. नाव, बोर्ड, पिवळे दिवे, सगळं मनासारखं. सकाळी अकरा ते रात्री तीन. सोमवारी बंद.

दिवसाचा धंदा बरा चालायचा. रात्री मात्र पैसे जात होते आणि मला कळतच नव्हतं, कारण रात्रीचा हिशेब मी वेगळा मांडतच नव्हतो. सातव्या महिन्यात बायकोने वही हातात घेतली आणि फक्त रात्री अकरा ते तीन या चार तासांचा हिशेब काढला. तो इथे देतो, कारण कोणत्याही गोष्टीपेक्षा तो तुमच्या जास्त उपयोगी पडेल.

एका रात्रीचा जादा खर्च:

- तीन माणसांचा रात्रीचा पगार: २,१०० रुपये
- वीज आणि गॅस: ६०० रुपये
- माणसांना घरी सोडायची रिक्षा: ४०० रुपये
- वाया गेलेला माल: ३०० रुपये
- एकूण: ३,४०० रुपये

सरासरी बिल १८० रुपये. त्यात कच्च्या मालाचे ७२ गेले, उरले १०८. म्हणजे ३,४०० भरून काढायला रात्री किमान ३२ गिऱ्हाइकं हवीत. मंगळवार, बुधवार, गुरुवार, रविवार मिळून सरासरी यायची चौदा. म्हणजे त्या प्रत्येक रात्री १,८८८ रुपयांचा तोटा. शुक्रवार-शनिवारी ३५ यायची, तेव्हा ३८० रुपये सुटायचे. आठवड्याचा तोटा ६,७९२ रुपये. महिन्याला सत्तावीस हजारांच्या वर. आणि यात माझा पगार शून्य धरलाय!

दिवसाचा नफा रात्र खात होती आणि मी मात्र म्हणत होतो, "रात्रीचा माहौल बघ काय जमलाय!"

हा हिशेब कळल्यावर तरी मी काय करायला हवं होतं? शुक्रवार आणि शनिवार, दोनच रात्री उघडं ठेवायचं. न्यू यॉर्कचंच कॅट्झ डेली घ्या. ते १८८८ पासूनचं. त्यांनीही बरीच वर्षं रात्रभर दार उघडं ठेवलं ते शुक्रवार-शनिवारचं, रोजचं नाही. हे मला माहीत होतं. पण माझ्या आठवणीतलं हॉटेल रोज रात्री उघडं होतं, म्हणून माझंही रोज रात्री उघडं. हट्ट. दुसरं काही नाही.

अकराव्या महिन्यात शटर ओढलं. तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. मी पहाटे घरी यायचो तेव्हा ती झोपलेली असायची आणि ती बालवाडीत जायची तेव्हा मी. बंद केल्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी उठून तिचा डबा भरायला गेलो, तर तिच्या डब्यात भाजी वेगळ्या कप्प्यात लागते हे मला माहीत नव्हतं. माझ्या चौदा गिऱ्हाइकांना खिचडीवर तूप किती लागतं, ते मात्र पाठ होतं. बायको काही बोलली नाही. नुसती भाजी काढून दुसऱ्या कप्प्यात ठेवली.

पैशाचा तोटा पुढे दोन वर्षांत भरून निघाला. ती सकाळ अजून आठवते.

मालकाची बाजू

आता परत न्यू यॉर्कला येतो, कारण गोष्टीचा शेवट तिथे आहे.

२०१५ मध्ये गॅसच्या बेकायदा जोडणीवरून कार्नेगी डेली जवळजवळ दहा महिने बंद राहिलं. (परवानगी आणि जोडण्यांची कागदपत्रं चोख ठेवा असं मी प्रत्येक बॅचला बजावतो, ते उगीच नाही.) २०१६ च्या फेब्रुवारीत ते पुन्हा उघडलं. मग त्याच वर्षी सप्टेंबरअखेर बातमी आली की डिसेंबरअखेर ते कायमचं बंद होणार.

भाडं नव्हतं. गिऱ्हाइकंही होती. शेवटच्या दिवसांत तर फुटपाथवर लांबच लांब रांगा. मग बंद का? तोपर्यंत हॉटेल पार्कर यांच्या मुलीकडे, मॅरियन हार्पर लेव्हिन यांच्याकडे आलं होतं. त्यांनी सांगितलेलं कारण साधं होतं: पहाटेपासून रात्री उशिरापर्यंतचं काम, झोप नसलेल्या रात्री, आता शरीर आणि मन थकलं.

२०१६ च्या डिसेंबरअखेर शेवटची ऑर्डर गेली. जवळजवळ ऐंशी वर्षं.

मी ती बातमी ठाण्यात बसून वाचली आणि डोळ्यांत पाणी आलं. फेसबुकवर लांबलचक पोस्ट लिहिली. मग स्वतःलाच विचारलं, दोन वर्षांत तू तिथे किती वेळा गेलास? तीस-चाळीस वेळा. किती खर्च केलास? सूप आणि कधीतरी चीजकेक. २००९ नंतर? एकदाही नाही. माझं प्रेम खरं होतं, पण त्या प्रेमावर त्यांचा एका दिवसाचा ब्रेडही आला नसता. आणि ज्या रात्री मला ऊब देत होत्या, त्याच रात्रींनी मालकीणबाईंची झोप घेतली होती. टेबलाच्या त्या बाजूला कोणीतरी जागं होतं, म्हणून मी या बाजूला निवांत होतो.

हे दुसऱ्या बाजूने मला कळलं ते ठाणे स्टेशनवर. एक मुलगा ओळखून जवळ आला. "सर, तुमचं ते रात्रीचं हॉटेल काय भारी होतं हो! बंद का केलंत? आम्ही अजून आठवण काढतो!" मी विचारलं, "किती वेळा आला होतास?" थोडा विचार करून म्हणाला, "दोनदा. नाही, तीनदा."

मी हसलो. राग कसला येणार? मीही तसाच गिऱ्हाईक होतो.

मग आठवणीतलं हॉटेल काढूच नये का?

असं माझं म्हणणं नाही. आठवण ही फार चांगली मार्गदर्शक आहे, फक्त तिला कोणता प्रश्न विचारायचा ते कळलं पाहिजे.

तुम्हाला तिथे काय आवडायचं, हे आठवणीला विचारा. ती खरं सांगेल. मला आवडायचं ते रात्रीचे तीन वाजणं नव्हे. मला आवडायचं ते वेटरने न विचारता सूप आणून ठेवणं. ते दुपारी एक वाजताही करता येतं! सकाळच्या पोह्यांच्या गाडीवरही करता येतं. मला हे कळायला अकरा महिने लागले.

पण किती खर्च येतो, किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं, माणसं कुठून आणायची, हे आठवणीला विचारू नका. तिला माहीत नाही. ती कधी काउंटरच्या आत गेलेलीच नाही.

आणखी एक. कार्नेगी डेली बंद झालं तरी त्यांचे चीजकेक आजही विकले जातात. कारण चीजकेक दिवसा भाजता येतो, खोक्यात भरून पाठवता येतो. त्यासाठी मालकाने पहाटे चारपर्यंत जागावं लागत नाही. तुमच्या धंद्यात असा 'चीजकेक' कोणता, हे पहिल्याच वर्षी शोधा. चटणी असेल, मसाला असेल, सोलकढीचा आगळ असेल, लाडू असतील. तुम्ही झोपलेले असतानाही जे विकलं जाईल, त्यावर तुमचं म्हातारपण उभं राहणार आहे.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमचं सगळ्यात आवडतं खाण्याचं ठिकाण आठवा. ते तुम्हाला का आवडतं, हे एका वाक्यात लिहा. त्यात पदार्थाचं नाव आलं की वेळ, जागा की माणूस, ते तपासा.

२. ते ठिकाण अजून चालू असेल तर या आठवड्यात जा, आणि गर्दी नसेल तेव्हा जा. पोटभर खा, बिल द्या आणि मग मालकाला विचारा, "काका, तुम्ही जेवता कधी?" तेवढा एकच प्रश्न. मग फक्त ऐका.

३. तुम्ही आधीच धंद्यात असाल, तर शेवटच्या दोन तासांचा हिशेब वेगळा काढा. वर दिला तसाच. त्या दोन तासांत दिवे जळतात की पैसे, ते कळेल.

त्या मुलाला मी हाच गृहपाठ दिला होता. दहा दिवसांनी त्याचा फोन आला. टपरी अजून आहे. मालक आता साठीचे आहेत, गुडघे गेलेत, मुलगा पुण्याला नोकरीला आहे. ते त्याला म्हणाले, "हॉटेल कशाला काढतोस नवीन? संध्याकाळी सहा ते अकरा माझ्याकडे ये, शिक, पटलं तर चालव."

तो सध्या तिथे कांदे चिरतोय. तीन महिन्यांनी काय ठरवतो ते तुम्हाला सांगेनच.

तोपर्यंत वही-पेन घ्या आणि कामाला लागा. भेटू पुढच्या व्हिडिओत!